दोघींचा फोटो

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण टण्‌कन निघालं, आणि अरिनोलाचे हात तिथंच थांबले. आतल्या खोलीत झोपलेल्या तिच्या मुलीनं, तायवोनं, कूस बदलली. मागच्या अंगणात चवळी निवडत बसलेल्या सासूच्या परातीतला आवाजही क्षणभर थबकला, मग पुन्हा सुरू झाला.

डब्यात लहान मुलाच्या दोन टोप्या होत्या, एक वाळलेली मलमाची नळी होती आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेला कॅमेरा. साबणाच्या वडीएवढा, तेवढाच चपटा. त्याची बॅटरी भारण्याचं यंत्र हरवलं होतं. तिनं तीन आठवडे बाजार पालथा घालून तसंच दुसरं शोधून आणलं होतं. बॅटरी बसवून तिनं कळ दाबली. बारीक गुरगुरत भिंग बाहेर आलं, गोगलगायीनं शिंग काढावं तसं. पाच वर्षांत पहिल्यांदा.

“ते खेळणं कशाला काढलंस?” अंगणातून प्रश्न आला. सासूला सगळं घर ईया आग्बा म्हणे, म्हणजे मोठी आई. तिची नजर अधू झाली होती, पण कान मांजरीचे होते.

“फोटोसाठी, ईया.”

“आणि तो मोठा कुठं गेला? ज्याच्यापायी माझा मुलगा दोन वर्षं कानोच्या रस्त्यावर टँकर हाकतोय तो?”

“तोही आहे. दोन्ही लागणार आहेत.”

“एका पोरीला दोन कॅमेरे,” ईया आग्बा परातीला म्हणाली. “उद्या एका भाताला दोन चुली मांडतील.”

अरिनोला हसली नाही. तिनं ठरवलं होतं.

उद्या तायवोला पाच वर्षं पूर्ण होणार होती. जुळ्यांच्या वाढदिवसाला चवळी शिजते, ताडतेलात लाल होईपर्यंत, आणि गल्लीतली सगळी पोरं ताटल्या घेऊन येतात. यंदा ईया आग्बानं आणखी एक गोष्ट मागितली होती: भिंतीवर तायवो आणि तिची गेलेली जुळी बहीण केहिंदे, दोघींचा फोटो हवा. असे फोटो अरिनोलाच्या वडिलांनी ओग्बोमोशोत शेकड्यांनी काढले होते. जोडीतलं एक गेलं की आई उरलेल्याला घेऊन त्यांच्या स्टुडिओत यायची. ते त्याला स्टुलावर बसवत, एक फोटो काढत आणि तोच दोनदा छापून, शेजारी शेजारी लावून एका चौकटीत देत. आई तो उराशी धरून घरी न्यायची. त्यात कुणाला काही खोटं वाटत नसे. जुळं एकटं नसतं. अरिनोलालाही गल्ली अजून ईया इबेजीच म्हणत होती, जुळ्यांची आई. एक गेली म्हणून नाव अर्धं झालं नव्हतं.

पण एकच फोटो दोनदा छापायला ती तयार नव्हती.

“दोन बैठका घेणार आहे मी,” तिनं अंगणात येऊन सांगितलं. “एक तायवोची. एक केहिंदेची.”

“तुझ्या बापाला जे पुरलं ते तुला पुरत नाही?”

“त्यांना पुरलं, ईया. त्यांची मुलगी गेली नव्हती.”

ईया आग्बानं एक खडा उचलून कुंपणाकडे भिरकावला. “बरं. मग केहिंदेचा या टिकलीएवढ्या डबीनं का?”

“केहिंदेला यानंच पाहिलंय. मोठ्यानं नाही.”

म्हातारीचे हात परातीत रुतून राहिले. ती पुढं काहीतरी बोलेल असं अरिनोलाला वाटलं, पण ती फक्त म्हणाली, “जा. ऊन वर आलं की तुझी पोरगी एका जागी बसायची नाही.”

*

स्टुडिओ म्हणजे घराचीच पुढची खोली. वडिलांनी रंगवून घेतलेला, त्यांच्या स्टुडिओतून आणलेला पडदा अजून होता, धबधबा आणि त्याच्याकडे पाठ केलेला एक मोर. उत्तरेच्या खिडकीतून उजेड यायचा, दूध गाळून घ्यावं तसा.

तायवो स्टुलावर बसली. निळ्या छापाचा नवा झगा, टाचा हवेत.

आधी मोठा कॅमेरा. त्याच्या पोटातून आरसा काढून टाकलेला, म्हणून मिररलेस. लग्नाघरी लोक अजून विचारत, ‘आवाज आला नाही, निघाला का फोटो?’ अरिनोलानं डोळा लावला. आतल्या चिमुकल्या पडद्यावर हिरवा चौकोन उमटला, भिरभिरला आणि तायवोच्या डोळ्यावर जाऊन बसला. पापण्यांचा केस न्‌ केस दिसत होता. लग्नांचे फोटो काढायला, कमी उजेडात, अरिनोलाला हाच लागायचा, आणि हाच गळ्यात असला की वऱ्हाडातले लोक तिला वाट करून देत.

“हात असा ठेव. जणू शेजारी कुणी बसलंय, तिच्या खांद्यावर.”

“कोण बसलंय?”

“केहिंदे.”

तायवोनं हवेत हात ठेवला. चेहरा मात्र लाकडाचा झाला. मोठ्या भिंगासमोर तिचं नेहमीच असं व्हायचं. ते काळं तोंड आपल्याला गिळायला आलंय असं ती म्हणायची. आठ-दहा फोटोंनंतर अरिनोलानं एक पसंत केला. सुरेख होता. खिडकीचा उजेड गालावरून कानापर्यंत मऊ उतरला होता.

मग तिनं स्टूल दुसऱ्या बाजूला सरकवलं आणि खिशातून छोटा काढला. भिंग गुरगुरत बाहेर आलं तशी तायवो खुदकन हसली.

“परत कर.”

तिनं बंद केला, चालू केला. भिंग आत गेलं, बाहेर आलं.

“आता मी केहिंदे का?”

“हो. थोडा वेळ.”

“मग तायवो कुठं गेली?”

“ती त्या मोठ्या कॅमेऱ्यात आहे. तिच्या खांद्यावर हात ठेव आणि मान वळवून तिच्याकडे बघ.”

छोट्याला डोळा लावायची सोयच नव्हती. हात लांब करून पाठच्या काचेत बघायचं. कळ दाबल्यावर तो आधी जरा विचार करायचा, मग फ्लॅश कडाडायचा. तेवढ्या वेळात तायवो हलली, हसली, पुन्हा हलली. सहाव्या खेपेला जमलं. चेहरा फ्लॅशनं उजळून गेलेला, मागचा मोर अंधारात गडप झालेला, पण पोरगी जिवंत हसत होती.

काचेवर तो फोटो बघताना अरिनोलाचा अंगठा मागच्या फोटोकडे नेणाऱ्या कळीवर गेला. आजच्या सहा फोटोंच्या मागं, पाच वर्षांपूर्वी काढलेला एकच फोटो आहे हे तिला ठाऊक होतं. तिनं अंगठा उचलला. तो मोठ्या पडद्यावर बघायचा, आणि आजच.

*

बाबा रसाकींनी तिच्या वडिलांबरोबर तीस वर्षं फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत काढली होती. आता मशिदीच्या वळणावर त्यांचं छपाईचं दुकान होतं: एक कॉम्प्युटर, एक छपाईयंत्र आणि दाराबाहेर खोकणारा जनरेटर. अरिनोलानं गुडघा टेकून सलाम केला आणि दोन्ही कॅमेरे आणि त्यांतली कार्डं समोर ठेवली.

“आलीस, ईया इबेजी. हा आपला आरसा चोरीला गेलेला कॅमेरा,” त्यांनी मोठ्याला मान लववली. मग छोटा उचलून नाकाशी नेला. “आणि हा? याला वास का नाही?”

“साबण नाही तो, बाबा.”

“लग्नात घेऊन जाऊ नकोस. कुणीतरी हात धुवेल.”

दोन्ही फोटो शेजारी शेजारी पडद्यावर आले. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला.

“बघ. हा फोटो आहे,” त्यांनी डावीकडे बोट केलं. “आणि हा पोलीस पकडून नेल्यावर काढतात तो. एकीला रेशीम नेसवलंस, दुसरीला गोणपाट. लोक म्हणतील, मेलेल्या पोरीशी दुजाभाव केला. डावाच दोनदा छापतो. तुझ्या बापाला बरं वाटेल.”

“नाही. दोन्ही छापायचे, आहेत तसे.”

“हट्टी बापाची हट्टी लेक. निदान हा डाग तरी पुसू दे.” त्यांनी उजवीकडचा चेहरा मोठा केला. डाव्या कानाच्या पुढं, चकाकणाऱ्या कातडीवर, मोहरीएवढा काळा ठिपका होता.

“डाग नाही तो. छिद्र आहे. जन्मापासून.” रोज आंघोळीनंतर ती तिथं कापूस फिरवायची.

“मग मोठ्यात का नाही?”

अरिनोलानं वाकून पाहिलं. मोठ्यातही होतं, पण खिडकीच्या मऊ उजेडात आजूबाजूच्या सावलीत मिसळून गेलेलं. ठाऊक असलेल्यालाच सापडावं असं. गोणपाटानं जे दाखवलं ते रेशमानं झाकलं होतं.

“बाबा, त्या छोट्या कार्डावर सगळ्यात जुना एक फोटो आहे. तो उघडा.”

त्यांनी उघडला आणि पुढची थट्टा त्यांच्या तोंडातच राहिली.

चटईवर एकोणीस दिवसांच्या दोन मुली, एकाच कुशीवर, दोघींचे डावे कान वर. त्या सकाळी अरिनोलाला ताप भरला होता. दारात गाडी उभी होती. इस्पितळात जाण्याआधी तिनं हा एवढा एकच काढला होता. दोघींत तिचाच घोटाळा व्हायचा, म्हणून तायवोच्या मनगटाला तिनं स्वतः लाल दोरा बांधला होता. तो दोरा फोटोत स्पष्ट दिसत होता. बाराव्या दिवशी ती घरी परतली तेव्हा ईया आग्बाच्या मांडीवर एकच मूल होतं आणि त्याच्या मनगटाला लाल दोरा होता. ‘केहिंदे परत गेली,’ म्हातारी म्हणाली होती. त्या दिवसापासून कॅमेरा डब्यात.

“मोठा करा.”

“कोणती?”

“दोऱ्यावाली.”

बाबांनी केली. फ्लॅशनं उजळलेला गाल, जावळ, कान. कानाच्या पुढची कातडी सपाट होती, नुकत्याच सोललेल्या अंड्यासारखी.

“आता दुसरी.”

दुसरीच्या कानापुढं काळा ठिपका होता.

जनरेटर खोकला. बाबा रसाकींना काहीच कळलं नव्हतं, ते सवयीनं म्हणाले, “धूळ असेल. या असल्या डब्यांत भिंगावर कण अडकतात. पुसून टाकू?”

अरिनोलानं हात पुढं करून त्यांचा हात थांबवला. धूळ असती तर प्रत्येक फोटोत त्याच जागी आली असती. तिनं आजचे सहाही फोटो एकामागून एक उघडायला लावले. पहिल्यात ठिपका चौकटीच्या मध्यावर, दुसऱ्यात वर, चौथ्यात पोरगी मान दुसरीकडे वळवून हसत होती, तिथं तर नाहीच. तो भिंगाबरोबर राहत नव्हता. मुलीबरोबर फिरत होता. तिनं पुन्हा जुना फोटो मागितला. पुन्हा दोऱ्याविना मूल. पुन्हा ठिपका, जिथं तो रोज कापसाखाली येतो तिथंच.

“पोरी, बस जरा. पाणी देऊ?”

“नको, बाबा. छापा.”

“जुनाही?”

“नाही. आजचे दोन. शेजारी शेजारी, एका चौकटीत.”

“आणि नावं? डावीकडे तायवो, उजवीकडे केहिंदे. बरोबर?”

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग पर्समधून दोन्ही कार्डांच्या डब्या काढून, त्यांची झाकणं नीट बसताहेत का ते बघत राहिली.

“नावं घालू नका.”

“नावांशिवाय? जुळ्यांचा फोटो?” बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुझ्या बापानं असा एकही दिला नाही.”

“जागा मोकळी सोडा. नावं मी नंतर लिहीन.”

*

ईया आग्बा अजून अंगणातच होती. चवळी निवडून झाली होती, तरी ती बोटं फिरवत होती. अरिनोलानं चौकट पिशवीसकट भिंतीला टेकवली, परातीच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि तीही निवडू लागली. खडे नव्हतेच.

“ईया, उद्याचा पहिला घास कुणाला?”

“दरवर्षी देते तिला.”

“पहिला घास थोरलीचा असतो.”

हे सांगायची गरज नव्हती. आधी जन्मते ती तायवो, पण ती धाकटी. थोरली केहिंदे तिला पुढं पाठवते, जग चाखून ये म्हणते आणि सावकाश मागून येते. म्हणून पहिला घास केहिंदेचा. तरी आजवरच्या प्रत्येक वाढदिवसाला ईया आग्बा पहिला घास या पोरीच्या तोंडात घालत आली होती आणि मगच गेलेलीसाठी कोपऱ्यात ठेवलेल्या लहान वाडग्यात वाढत आली होती. अरिनोलानं एकदा विचारलं होतं, तेव्हा म्हातारी म्हणाली होती, ‘जित्या पोराचं पोट आधी भरावं.’

“थोरलीलाच देत आले,” ईया आग्बा म्हणाली.

कुंपणापलीकडे कुणीतरी बादली आपटली. दोघींपैकी कुणी मान वर केली नाही.

“दोरा तुम्ही बदललात.”

“तू बारा दिवस नव्हतीस.” म्हातारीचा आवाज चढला नाही, पडलाही नाही. “तायवो चौथ्या दिवशी गेली. त्याच संध्याकाळी ही तापली. जुळ्यातलं एक गेलं की ते दुसऱ्याला नावानं बोलावतं. मी हिच्या हाताला दोरा बांधला. बोलावणं आलंच, तर सांगितलं असतं, केहिंदे गेली की मघाशीच, इथं आता कुणी केहिंदे नाही.”

“आलं का?”

“तीन दिवस ताप होता. मग उतरला.” तिनं खांदे उडवले. “मला काय ठाऊक, कशानं उतरला.”

“मला का नाही सांगितलंत, ईया? पाच वर्षं मी…” अरिनोलाच्या मुठीतली चवळी परातीत सांडली. पाच वर्षं ती झोपण्याआधी जिच्या नावानं पाण्याचे दोन थेंब उंबऱ्यावर टाकत होती, ती आत पांघरुणाखाली झोपलेली असायची. आणि जी गेली होती, तिच्यासाठी तिनं एक थेंबही टाकला नव्हता.

“सांगितलं असतं तर तू तिला खऱ्या नावानं हाक मारली असतीस. आज नाही, उद्या. अंधारात, एकटी असताना. आईची हाक लांबवर ऐकू जाते.”

ईया आग्बानं परात तिच्याकडे सरकवली. “पाच झाली आता. मुलीची हाडं घट्ट झाली. मी राखायचं तितकं राखलं. उद्या पहिला घास तू भरव. कुणाच्या नावानं, ते तू ठरव.”

*

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीतली पोरं ताटल्या वाजवत अंगणात जमली. चवळी लाल झाली होती, कडेला पिकल्या केळ्यांचे तळलेले काप. अरिनोलानं चौकट स्वतःच्या हातानं भिंतीवर लावली होती, खिळा ठोकताना तीन वेळा मागं सरून बघत. दोन मुली, एकच झगा, एकमेकींच्या खांद्यावर हात. डावीकडची खिडकीच्या उजेडात गंभीर. उजवीकडची फ्लॅशनं उजळलेली, हसरी. बाबा रसाकी खास बघायला आले होते आणि कुणाकुणाला सांगत होते की गोणपाटसुद्धा लांबून बरं दिसतं. खाली नावांची पट्टी कोरी होती.

तायवो, जिला सगळे तायवो म्हणत होते, धावत आली आणि आईसमोर उभी राहिली. ईया आग्बानं वाडगा सुनेच्या हातात दिला. अरिनोलानं पहिला घास घेतला. बोटांना चटका बसला तरी तिनं तो सोडला नाही. रात्रभर तिनं ठरवलं होतं आणि सकाळी पुन्हा एकदा ठरवलं होतं. तिनं हात पुढं केला, नाव ओठांवर आणलं.

पण पोरगी घासाकडे बघत नव्हती. ती मान उंच करून, डोळे बारीक करून भिंतीवरच्या दोघींना आळीपाळीनं न्याहाळत होती. बोट एकीकडे जाई, मग दुसरीकडे.

“आई,” तिनं विचारलं, “यातली मी कुठली?”